जेलची गादी, मधे कापलेली, की चामड्याची? बायकांनी सायकलला सीट कोणती लावावी

रोज ऑफिसला चार-पाच किलोमीटर आणि तेही सरळ बसून जात असाल तर आधीच सांगते, नवीन सीटवर पैसे घालू नका. लेडीज सायकलला ती रुंद स्प्रिंगवाली सीट येते ना, ती त्या कामाला एकदम बरोबर आहे. सरळ बसलं की वजन मागच्या दोन बसायच्या हाडांवर येतं, त्यांना रुंद टेकू मिळाला की झालं. भानगड सुरू होते ती हायब्रिड किंवा रोडबाइक (पुढे वाकून चालवायची सायकल) घेतल्यावर, म्हणजे रविवारी पानशेतसारखी लांब राइड करायला लागलात की तासाभराने खाली मुंग्या येतात, मग बधीर होतं आणि घरी येऊन अंघोळीचं पाणी लागलं की असं झोंबतं की विचारू नका. आणि दुकानात सांगितलं (बहुतेकजणी सांगतच नाहीत, समोर पुरुष असतो) तर हातात जेलचं कव्हर ठेवतात.

जेल कव्हर अंगठ्याने दाबून बघितलं की भारी वाटतं. पण लांब राइडला हाडं त्यात रुततात आणि दाबलं गेलेलं जेल मधे फुगून वर येतं, म्हणजे जिथे दाब नकोय नेमकं तिथेच. वर ते सरकतं, घाम धरतं, मांड्या घासतात. दहा किलोमीटरच्या आत ठीक, पुढे माझ्या मते निरुपयोगी.

दुसरी म्हणजे मधे कापून भोक ठेवलेली, आखूड नाकाची (नाक म्हणजे सीटचं पुढचं टोक) स्पोर्ट्स सीट. सध्या सगळे हीच घ्या म्हणतात आणि खूप जणींना ती मानवतेही, पण डोळे झाकून घेऊ नका. अमेरिकेत २०११ साली रेसिंग करणाऱ्या बायकांवर एक अभ्यास झाला, त्यात कापलेल्या आणि अरुंद सीटवर नाजूक जागेवरचा दाब उलट जास्त निघाला. कारण साधं आहे, भोकाची कड टोचते आणि मऊ भाग त्या भोकात उतरून सुजतो. स्पेशलाइज्ड कंपनीची मिमिक सीट म्हणूनच वेगळी आहे, तिच्यात भोक पाडण्याऐवजी तिथे वेगवेगळ्या मऊपणाच्या फोमचे थर भरलेत. महाग आहे, पण भोकवाल्या सीटवर ज्यांना सूज येते त्यांनी आधी ही बसून बघावी.

ब्रूक्स कंपनीची चामड्याची बी१७ म्हणजे वेगळंच प्रकरण. पावणेदोनशे मिमीच्या आसपास रुंद, वजन अर्ध्या किलोच्या वर, फोम अजिबात नाही, चामडं झोळीसारखं ताणलेलं असतं आणि हळूहळू तुमच्या हाडांच्या जागी दबत जातं. सुरुवातीला लाकडावर बसल्यासारखं वाटेल. हँडल सीटच्या लेव्हलला किंवा वर असेल तरच घ्या, निवांत लांब जाणाऱ्यांसाठी उत्तम, बायकांसाठी आखूड नाकाची बी१७ एस पण येते. पण आपल्याकडचा पाऊस! जून ते सप्टेंबर प्लास्टिकची टोपी घालून फिरवावी लागते, भिजली की चामडं सैल पडतं. तो व्याप नको असेल तर त्यांचीच कॅम्बियम आहे, रबर आणि कापडाची.

आता खरं सांगू का, मऊ की कडक यापेक्षा रुंदी जास्त महत्त्वाची, आणि ‘लेडीज’ लिहिलेलं असलं म्हणजे तुमच्या मापाची असते असं नाही. पन्हळीचा पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे वाका, उठा. दोन खळगे दिसतील, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि त्यात साधारण २०-२५ मिमी मिळवा. १३० आलं तर १५५ च्या आसपासची सीट बघा, मिमिक १४३, १५५, १६८ अशा मापात मिळते. अगदी सरळ बसत असाल तर आणखी रुंद चालेल.

आणि विकत घेण्याआधी आहे तीच सीट नीट लावून बघा, फुकट आहे. उंची जास्त असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि घासतं, नाक वर असेल तर दाब थेट पुढे. नाक अगदी किंचित खाली करा, जास्त केलं तर घसरून सगळा भार हातांवर येतो. हँडल वर घ्या, कारण २०१२ च्या अभ्यासात हँडल सीटपेक्षा खाली असलेल्या बायकांमध्ये पुढचा दाब जास्त आणि संवेदना कमी आढळली होती.

सायकलिंगच्या पॅडवाल्या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही, तिची शिवणच कापते. पाळीत सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात, मेन्स्ट्रुअल कप जमत असेल तर बघा. रिओ ऑलिंपिकच्या आधी ब्रिटिश टीमने आपल्या मुलींना खालचं शेव्हिंग-वॅक्सिंग बंद करायला सांगितलं होतं, केस त्वचेचं रक्षण करतात म्हणून, ते फुकटात करता येतं. राइड झाल्यावर शॉर्ट घालून मिसळ खात बसू नका (मला माहितीये, सगळे बसतात), सायकल चालवणाऱ्या बायकांना युरीन इन्फेक्शन आणि सीटवरची गळवं जास्त होतात हे २०१८ च्या अभ्यासात दिसलंय. त्याच अभ्यासात लैंगिक आरोग्य मात्र बिघडलेलं दिसलं नाही, त्यामुळे घाबरून सायकल विकू नका.

पण सूज एकाच बाजूला असेल, आठवडा दोन आठवडे उतरत नसेल, तर सीट बदलत बसू नका, गायनॅककडे जा. ब्रिटनची पॅरा-सायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये उघडपणे लिहिलं होतं की सीटमुळे आलेल्या सुजेसाठी तिला ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरला लाजत न बसता सांगा की आठवड्याला किती किलोमीटर चालवता आणि दुखतं नेमकं कुठे, कारण ते त्या स्वतःहून विचारतीलच असं नाही.