पाइपलाइनीत ट्रिव्ही की ग्राइप?

पर्वरीच्या आमच्या ऑफिसात बिल्डच्या पाइपलाइनीत दोन्ही स्कॅनर लावून पाहिले. कंटेनर इमेजमधले (ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं) सुरक्षादोष शोधणं हे त्यांचं काम. दोन्ही ओपन सोर्स. ट्रिव्ही ॲक्वा सिक्युरिटीचा, ग्राइप अँकोरचा.

ट्रिव्हीने पहिल्याच दिवशी फसवलं. लॉगमध्ये क्रिटिकल, म्हणजे अतिगंभीर दोषांच्या ओळींवर ओळी, तरी बिल्ड हिरवंगार! काहीही सापडलं तरी तो मुळात एक्झिट कोड ० देतो, म्हणजे 'सगळं ठीक'. बिल्ड अडवणारा १ हवा तर सांगावं लागतं. शिवाय गंभीरतेची गाळणी लावली की खालच्या पातळीचे दोष अहवालातूनही जातात. ग्राइपलाही सांगावंच लागतं, पण 'हाय दिसलं की थांब' म्हटलं तर तो थांबतो आणि यादी पूर्ण दाखवतो. मला हे जास्त पटतं.

डेबियन लिनक्सच्या इमेजमध्ये दुरुस्तीच न आलेले दोष ढीगभर. ते दोघांनाही वगळता येतात, वगळाच.

इमेजमध्ये विसरलेलं टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) मात्र ट्रिव्हीच पकडतो. (आमचं एक पकडलं. कोणाचं ते विचारू नका.)

म्हणून बिल्डला ट्रिव्ही ठेवला. चवथीच्या सुट्टीत कोणी नवा कोड पुश करत नाही, पण नवे सीव्हीई (जाहीर झालेले सुरक्षादोष) येतच राहतात. तेव्हा सिफ्ट या टूलने काढून ठेवलेल्या एसबीओएमवर (इमेजमधल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी) ग्राइप रोज रात्री फिरतो. इमेज पुन्हा ओढावी लागत नाही, पावसाळ्यातल्या आमच्या नेटला तेवढंच झेपतं.