राऊटरचा मिनी यूपीएस आणि कॅट-६ केबल: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पावसाळा तोंडावर असताना दोन वस्तू घेतल्या होत्या: राऊटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (लाइट गेली तरी राऊटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) आणि डेस्कटॉपसाठी १५ मीटर कॅट-६ केबल, म्हणजे नेटची लॅन वायर. त्यांच्यावर आता आख्खा पावसाळा, गणपती आणि दिवाळी काढून झालीये. घर रत्नागिरीत, फायबर इथल्याच एका केबलवाल्याचं आणि काम जीएसटीचं. २० तारखेला ३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायला बसावं आणि नेट जावं, हे इतक्यांदा झालं होतं की क्लायंटच आधी विचारायचे, "ताई, आज नेट आहे ना?"

खरेदीच्या आधी निदानाचं सांगते, कारण रोग भलताच असेल तर या दोन्ही वस्तू घेऊन पैसे पाण्यात. केबलवाल्याला फोन केला की ठरलेलं उत्तर, राऊटर बंद करून चालू करा. त्याने नेट येतंही, पण का गेलं होतं ते कळत नाही ते नाहीच. मी काम करताना कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या विंडो बाजूला उघडून ठेवायला लागले. एकीत राऊटरला पिंग (पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणारी कमांड; राऊटरचा पत्ता आमच्याकडे १९२.१६८.१.१), दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला. कमांडच्या शेवटी डॅश टी (-t) लावलं की थांबवेपर्यंत चालू राहतं. नेट गेल्यावर फक्त दुसरी विंडो अडली तर गडबड राऊटरच्या पलीकडे, म्हणजे बहुतेक लाइनमध्ये. दोन्ही अडल्या तर भांडण राऊटर आणि कॉम्प्युटरचं, केबलवाल्याला बोलावून काही होणार नाही. दोन्ही सुरळीत असून साइट उघडत नसेल, तेव्हा कुठे डीएनएसकडे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे बघावं. व्हिडिओंमध्ये मात्र पहिल्या मिनिटाला डीएनएसच बदलायला लावतात!

टास्कबारवरच्या पिवळ्या त्रिकोणावरही फार विसंबू नका. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून छोटीशी फाइल मागवून बघतं, ती आली नाही की 'इंटरनेट नाही' म्हणून मोकळं होतं. व्हीपीएन चालू असताना नेट व्यवस्थित असूनही हे दिसू शकतं.

आमच्याकडे दोन्ही प्रकार निघाले. घरातला आधी. डेस्कटॉपला वायफायसाठी छोटा यूएसबी डोंगल होता आणि त्याला खेटून निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टमध्ये बॅकअपची हार्डडिस्क. बॅकअप सुरू झाला की राऊटरचं पिंग २ मिलिसेकंदांवरून थेट 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. डिस्क काढली की पुन्हा २. यूएसबी ३ च्या पोर्ट आणि केबलमधून निघणारा गोंगाट नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढलाय. डोंगल एक्स्टेंशन वायरने लांब नेला तरी बराच फरक पडतो, आणि फुकटात पडतो. पण टेबल हलणार नव्हतं, म्हणून मी थेट केबल ओढली.

केबल लावल्यावर वायफायचा प्रश्न मिटला, तरी स्पीड १०० एमबीपीएसच्या आतच अडकला होता. सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसत होता. गिगाबिटला (म्हणजे १००० ला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. दुकानात क्रिम्प केलेल्या (कनेक्टर दाबून बसवलेल्या) टोकाची तपकिरी तार आत नीट बसलीच नव्हती. कनेक्टर कापून नवा लावल्यावर १०००/१००० आलं. केबल घेताना ती निव्वळ तांब्याची आहे का हे विचारून घ्या. स्वस्तात मिळते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, वाकवली की लवकर तुटते.

लाइनचा दोष कोसळत्या पावसात दिसायचा. राऊटरवरचा पॉन दिवा (फायबर जोडलेली असल्याचा) लुकलुकायचा, मग एलओएस (सिग्नल गेल्याचा दिवा) लाल. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये दिसते, ती लिहून ठेवायला लागले. कोरड्या दिवशी उणे २३, पावसात उणे २७ च्या खाली. या प्रकारच्या राऊटरला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतच प्रकाश ओळखता येतो आणि आकडा ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. आकडे व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर केबलवाल्याचा सूर बदलला. आलेल्या मुलाने मीटर लावला आणि म्हणाला, "ताई, गच्चीवरच्या फास्ट कनेक्टरमध्ये पाणी जातंय." त्याने तो काढून स्प्लायसिंग केलं, म्हणजे फायबरची टोकं थेट एकमेकांना जोडली, आणि जॉइंट डबीत बंद केला. तेव्हापासून उणे २०, पाऊस असो वा नसो.

आता यूपीएस. कोकणात पावसाळ्यात लाइट नुसती जात नाही, डोळे मिचकावते. तेवढ्याने राऊटर रीस्टार्ट होतो आणि परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. हा त्रास पूर्ण थांबला, एवढ्यासाठीच मी पाचपैकी साडेचार देईन. खोक्यावर आठ तास लिहिलंय, त्यावर जाऊ नका. आत २००० एमएएचचे तीन सेल आहेत, प्रत्येकी ३.७ व्होल्टचे, म्हणजे सगळे मिळून २२ वॉट-तास. राऊटर ७-८ वॉट खातो. हिशेबाने अडीच-तीन तास, आणि तेवढेच मिळतात. चार्ज होताना बराच तापतो, म्हणून राऊटरच्या डोक्यावर न ठेवता शेजारी भिंतीला टांगलाय. कॉम्प्युटरला अर्थातच वेगळा यूपीएस लागतो. माझा जुना आहे, तो वीस मिनिटं काढतो, नंतर लॅपटॉप.

घेण्याआधी शेजारी लाइट गेल्यावर नेट टिकतं का ते विचारा. घरापर्यंत फायबर आलेली असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, केबलवाल्याच्या ऑफिसात बॅकअप असला की झालं. पण बिल्डिंगच्या जिन्यात केबलवाल्याचा स्विच असेल आणि तिथून घरात साधी लॅन वायर येत असेल, तर लाइटबरोबर तो स्विचही बंद. मग तुमचा राऊटर जागा राहून उपयोग शून्य. माझ्या बहिणीकडे, ठाण्यात, हेच झालं, तिने यूपीएस परत केला.

ऑर्डर करताना राऊटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्ट २ अँपिअरचा राऊटर १ अँपिअरच्या यूपीएसवर मध्येच बंद पडेल. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ चा यूपीएस लावू नका. पिनही तपासा: ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर दिसायला सारख्याच, पण जाड पिनेला बारीक भोक बसत नाही आणि उलट केलं तर सैल राहून ठिणग्या. माझ्या खोक्यात दोन्ही वायर होत्या, सगळ्यांत असतीलच असं नाही.