जेटसन ओरिन नॅनो सुपर: कोकणातल्या पॅकहाउससाठी घ्यावा का?

आधी निकाल सांगतो. हापूसच्या ग्रेडिंग लाइनवर फळाचा रंग, डाग आणि आकार बघून जागच्या जागी निर्णय द्यायचा असेल, तर एनव्हिडियाचा जेटसन ओरिन नॅनो सुपर हा छोटा एआय संगणक या किमतीत मिळणारा सर्वांत समजूतदार बोर्ड आहे. मासळी प्रक्रियेच्या ओल्या हॉलमध्ये मात्र तो आहे तसा लावू नका. दोन्ही ठिकाणी बोर्डापेक्षा जास्त विचार लागतो तो वीज, खारी हवा आणि जाणारी-येणारी नेटची लाइन यांचा. त्याची तरतूद खोक्यात येत नाही, ती आपणच करायची असते.

डिसेंबर २०२४ मध्ये हा किट २४९ डॉलरला जाहीर झाला. त्याआधी हाच बोर्ड ४९९ डॉलरला होता. भारतात जकात आणि वितरकाचा नफा धरून किंमत यापेक्षा चढीच पडते. सहा कोअरचा आर्म प्रोसेसर, चित्रांची गणितं करणारा १०२४ कुडा कोअरचा जीपीयू, ८ जीबी मेमरी. ‘सुपर’ हा बदल मुख्यतः सॉफ्टवेअरचा आहे: विजेची मर्यादा १५ वॉटवरून २५ वॉटवर नेली आणि मेमरीचा वेग सेकंदाला ६८ जीबीवरून १०२ जीबीवर गेला. कोणाकडे जुना ओरिन नॅनो किट पडून असेल तर नवा घेऊ नका, जेटपॅक ६.२ (एनव्हिडियाचं या बोर्डांसाठीचं सॉफ्टवेअर) टाकलं की तोच सुपर होतो.

मुळात लाइनवर संगणक हवाच कशाला, सगळं मुंबईच्या क्लाउडला का पाठवू नये? हिशेब करून बघा. १०८०पीचे चार कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, दिवसाचे दहा तास: ७२ जीबी अपलोड. त्याउलट सेकंदाला तीन फळं धरली आणि प्रत्येक फळाची २०० बाइटची नोंद केली, तर दहा तासांच्या १,०८,००० नोंदी मिळून सुमारे २२ एमबी होतात. एवढं तर मोबाइलच्या डोंगलवरून जातं. निर्णयाचंही तसंच. सेकंदाला तीन फळं म्हणजे एका फळाला साधारण ३३० मिलिसेकंद. फायबर धड असेल तर रत्नागिरीहून मुंबईला जाऊन यायला तेवढा वेळ लागत नाही. अडचण आहे ती लाइन जाण्याची. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला जेसीबीचा दात केबलला लागला की जोडणी होईपर्यंत थांबायचं, आणि एप्रिलमध्ये पेट्या थांबून राहत नाहीत. म्हणून निर्णय जागेवर आणि हिशेब क्लाउडवर, हीच वाटणी इथे टिकते.

जाहिरातीतल्या ६७ टॉप्सबद्दल (सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात त्याचं माप) एक स्पष्ट सांगायला हवं. हा आकडा विरळ केलेल्या (निम्मे आकडे शून्य केलेल्या) आणि आयएनटी८, म्हणजे ८ बिटच्या आकड्यांवर चालणाऱ्या मॉडेलचा आहे. साध्या, न विरळलेल्या मॉडेलला त्याच्या निम्मा, म्हणजे ३३ धरा. तरी डाग ओळखणाऱ्या लहान योलो मॉडेलला हे पुरून उरतं. कमी पडते ती मेमरी. ८ जीबी ही प्रोसेसर आणि जीपीयू दोघांत मिळून आहे, आणि नुसता डेस्कटॉप चालू ठेवला तर त्यातली सुमारे ८०० एमबी तो खातो. बसवून झाल्यावर डेस्कटॉप बंद करा, सगळं काम दुरून टर्मिनलवर करा.

दुसरी गोष्ट बहुतेकांना खरेदीनंतर कळते: ओरिन नॅनोमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा (दाबून छोटा करणारा) हार्डवेअर भाग नाही. डीकोड आहे आणि चांगलं आहे, एच.२६५ चे १०८०पी ३० फ्रेमचे अकरा प्रवाह तो उलगडतो. पण चित्रातल्या डागांभोवती चौकटी काढून पुन्हा व्हिडिओ बनवायचा म्हटलं की सगळा भार सहा कोअरवर पडतो आणि ओळख मंदावते. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याकडून आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर साठवा, चौकटींचे आकडे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि बघायच्या वेळी दोन्ही एकत्र दाखवा.

बसवताना पहिला अडथळा फर्मवेअरचा, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा. जेटपॅक ५ च्या काळातलं फर्मवेअर असलेला बोर्ड जेटपॅक ६ च्या कार्डवरून सुरूच होत नाही. पडदा काळा राहतो आणि बोर्ड मेला असं वाटतं. आधी जेटपॅक ५.१.३ वरून फर्मवेअर वर चढवायचं, मग ६. दुसरं, मायक्रो-एसडी कार्डावर कायमचं चालवू नका. सतत लिहून आणि लाइट गेल्यावर अर्धवट लिहिलं जाऊन कार्ड एका हंगामातही दगा देतं. खालच्या बाजूला एसएसडीसाठी एम.२ चे दोन खाचे आहेत. लांब खाच्यात २५६ किंवा ५१२ जीबीची टीएलसी एनव्हीएमई एसएसडी लावा. तिसरं, टेन्सरआरटीचं इंजिन (मॉडेलचं जीपीयूसाठी वेगवान केलेलं रूप) त्याच बोर्डावर तयार करा. दुसऱ्या जीपीयूवर बनवलेली फाइल इथे चालत नाही, आणि जेटपॅक बदललं की ती पुन्हा बनवावी लागते. बनवताना मेमरी संपून प्रक्रिया मध्येच मारली गेली, तर झेडरॅम (मेमरीतच दाबून ठेवण्याची सोय) बंद करून एनव्हीएमईवर ८ ते १६ जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) द्या. मूळ मॉडेल ओएनएनएक्समध्ये (कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर नेता येणाऱ्या खुल्या स्वरूपात) जपून ठेवा. त्याचं कारण पुढे येतंच.

आता कॅमेरा, कारण खरा खेळ तिथे आहे. देखरेखीचा आयपी कॅमेरा डाग शोधायला लावू नये. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल आणि शटर १/१०० सेकंद उघडं राहत असेल, तर चित्र ५ मिलिमीटर पसरतं. फळमाशीने टोचलेलं छिद्र एक मिलिमीटरचंही नसतं, ते त्या पसरलेल्या चित्रात दिसणार कसं? ग्लोबल शटरचा (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा) कॅमेरा घ्या, उघडझाप १/१००० सेकंदावर आणा आणि त्यासाठी लागणारा उजेड भरपूर द्या. स्वस्त एलईडी पट्टी सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यामुळे एक फ्रेम उजळ आणि दुसरी काळपट येते. दिव्याला डीसी ड्रायव्हर हवा. सालीवरची चमक आणि चिकाचा डाग यांत मॉडेल हमखास गोंधळतं. दिव्यावर एक आणि भिंगावर आडवा फिरवलेला दुसरा पोलरायझर लावला की चमक जाते, डाग राहतो. गिगाबिट इथरनेटचं पोर्ट एकच आहे: १४४० बाय १०८० चा एक कॅमेरा ६० फ्रेमने कच्चं चित्र पाठवू लागला की सेकंदाला ९३ एमबी होतात आणि ते पोर्ट भरत आलं. दुसरा कॅमेरा यूएसबी ३ वर घ्या, तार ३ मीटरच्या आत ठेवून.

आणि साका? तो या कॅमेऱ्याला दिसत नाही, दिसणारही नाही. गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो, साल मात्र बाहेरून सोन्यासारखी असते. त्यासाठी निकट-अवरक्त किंवा एक्स-रे लागतो आणि तो खर्च वेगळ्याच पातळीचा आहे. ‘एआयने साका ओळखतो’ असं सांगून कोणी साधा रंगीत कॅमेरा विकायला आला, तर त्याच्यासमोर फळं कापून तपासणी करायला लावा. वजनासाठीही कॅमेऱ्यावर विसंबू नका. पट्ट्याखाली लोडसेल बसवा, त्याची नोंद फळाच्या त्याच क्रमांकाला जोडा.

विजेचं गणित असं: बोर्ड २५ वॉट, पीओई स्विचसह (लॅनच्या तारेतूनच वीज देणारा) चार कॅमेरे ३० ते ३५, राउटर आणि ओएनटी (फायबरचा मोडेम) मिळून १५ ते १८. साधारण ७५ वॉट. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी १२८० वॉट-तास देते. ऐंशी टक्केच वापरली आणि रूपांतरातली घट धरली तर बारा तास निघतात. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून पुन्हा अडॅप्टरने खाली आणण्यापेक्षा बॅटरीवरून थेट १९ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर लावा. घट कमी होते आणि चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरची भुणभुणही टळते. बारा तास हे रोजच्या लाइट जाण्यासाठी. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती, तशा वेळी सोलर किंवा जनरेटरशिवाय इलाज नाही.

अर्थिंगकडे मात्र जितकं लक्ष द्याल तितकं कमी. आपल्याकडे खाली जांभा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की जमिनीचा रोध खूप वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी, मेमध्ये, वळवाच्या विजा चमकतात. एकाच सळीवर भागवू नका, दोन-तीन सळ्या जोडून खड्ड्यात बेंटोनाइट भरा आणि रोध मोजून घ्या. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची लॅन केबल नेऊ नका. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावून मधे फायबर टाका. पडवीतल्या कॅमेऱ्यातून आलेला विजेचा झटका बोर्डापर्यंत पोचण्याची वाटच राहत नाही.

खारी हवा हा मासळीवाल्यांचा मुख्य प्रश्न. या किटवर पंखा आहे, आणि पंखा म्हणजे मीठ आत ओढून घेणारं यंत्र. मीठ ओल धरतं, पिनांमधून बारीक प्रवाह वाहू लागतो, तांब्यावर हिरवट थर चढतो. आधी लॅनचं पोर्ट अधूनमधून तुटतं, मग यूएसबी कॅमेरा गायब होतो. माणूस सॉफ्टवेअर शोधत बसतो आणि दोष कनेक्टरमध्ये असतो. ओल्या हॉलसाठी याच ओरिन नॅनो मॉड्यूलवर बनलेला, बिनपंख्याचा, आयपी६६ (धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणारा) किंवा त्याहून वरचा औद्योगिक बॉक्स घ्यावा, आतल्या बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) आहे ना हे लेखी घ्यावं. ग्लँड (तार आत जायचं घट्ट बूच) खालच्या बाजूला आणि तारेला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथेच गळतं. शीतगृहातून बॉक्स थेट बाहेर आणू नका. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. ५ अंशांच्या खोलीतून आलेल्या बॉक्सवर क्षणात पाणी जमतं. पिशवीत गुंडाळून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा.

नोंदी क्लाउडला पाठवायला बहुतेक जण एमक्यूटीटी (छोटे निरोप पाठवण्याची पद्धत) आणि मॉस्किटो (ते निरोप पोचवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. निवड बरोबर आहे, पण मूळ सेटिंगवर चालवलं तर माल बुडतो. नोंदी डिस्कवर टिकवण्याची सोय मुळात बंद असते. रांगेत एका क्लायंटसाठी एक हजारच निरोप राहतात. सेकंदाला तीन फळं म्हणजे साडेपाच मिनिटांत रांग भरली, पुढच्या नोंदी हवेत. टिकवण्याची सोय चालू केली तरी डिस्कवर लिहिणं दर अर्ध्या तासाने होतं, त्यामुळे मधे लाइट गेली की तेवढा काळ पुसला जातो. म्हणून प्रत्येक नोंद आधी एसक्यूलाइटमध्ये (डिस्कवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये) लिहा, क्लाउडची पोच आली की खूण करा. पोच हरवून तीच नोंद दोनदा जाऊ शकते. बॉक्सचा क्रमांक आणि अनुक्रमांक मिळून एक किल्ली ठेवा म्हणजे दुसरी आपोआप गळते. घड्याळाची बॅटरी सोबत येत नाही, ती जोडा. नाहीतर लाइट आणि नेट दोन्ही जाऊन आल्यावर बोर्ड जुन्या तारखेला जागा होतो, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि क्लाउड दारच उघडत नाही.

क्लाउड कोणाचा? अॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात, गूगलचं मुंबईत; २२ एमबीसाठी कोणताही चालेल. चित्रं साठवणार असाल तर हिशेब ठेवा. मुंबईत एस३ ला (अॅमेझॉनच्या साठवणीला) जीबीमागे महिन्याला सुमारे अडीच सेंट, आत टाकणं फुकट, पण बाहेर काढताना महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले की जीबीमागे जवळजवळ ११ सेंट. म्हणजे एक टीबी परत आणायला शंभर डॉलर. फक्त ज्या फळांवर मॉडेलची खात्री कमी होती तेवढीच चित्रं पाठवा. पुढच्या हंगामाच्या शिकवणीला तीच उपयोगी पडतात.

मात्र क्लाउडवाल्याच्या तयार एज सेवेवर (जागेवरची यंत्रं आणि कॅमेरे सांभाळणाऱ्या) अख्खी लाइन टांगू नका. गूगलने आयओटी कोअर ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली. अॅमेझॉनची डाग ओळखणारी लुकआउट फॉर व्हिजन ऑक्टोबर २०२५ ला संपली, कॅमेऱ्यांसाठीच्या पॅनोरामालाही ३१ मे २०२६ ची शेवटची तारीख दिली गेली. पॅकहाउसचं यंत्र दहा वर्षं चालवायचं असतं, या सेवा तेवढ्या जगत नाहीत. ओएनएनएक्स मॉडेल, साधा कंटेनर (सॉफ्टवेअरचं कुठेही नेता येणारं गाठोडं) आणि एमक्यूटीटी हे तीन आपल्या हातात असले की क्लाउड बदलणं हे दोन दिवसांचं काम उरतं. या बोर्डाच्या बाजूने आमचा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

भाषा मॉडेलही यावर चालतात. एनव्हिडियाच्या आकड्यांनुसार ४ बिटवर आणलेलं लामा ३.१ चं ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल सेकंदाला १९ टोकनच्या (शब्दांच्या तुकड्यांच्या) आसपास देतं. पण ते आणि डाग ओळखणारं मॉडेल ८ जीबीत एकत्र नांदत नाहीत. लाइनवरच्या बोर्डाला ते काम देऊच नका. आणि कॅमेरा कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या टेबलावर असेल तर चौकट हातांपुरती ठेवा, चेहरे येऊ देऊ नका. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हेच योग्य होतं.

खरेदी करताना लक्षात घ्या, विकासकांचा हा किट कायमच्या उत्पादनासाठी नाही असं एनव्हिडिया स्वतःच सांगते. एका लाइनवर एक हंगाम चालवून बघायला तो उत्तम. जमलं की दुसऱ्या वर्षी तेच मॉड्यूल औद्योगिक कॅरिअर बोर्डवर घ्या, सॉफ्टवेअर जवळपास तसंच चढतं. आणि जूनमध्ये पॅकहाउस बंद झालं की बोर्ड बंद करून कपाटात ठेवू नका. ७ वॉटच्या मोडवर चालू राहू द्या, खोक्यातली सिलिका जेल महिन्याला बदला. स्वतःच्या उबेने तो आतली ओल धरू देत नाही. सप्टेंबरअखेर कनेक्टर उघडून बघा, हिरवटपणा दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि लॅनच्या तारांचे आरजे४५ नवे चढवा.