ई. कोलाय, यीस्ट की सीएचओ : औषधी प्रथिन कोणत्या पेशीत बनवायचं?

पेशी निवडण्याआधी प्रथिनाकडे बघा. त्याला साखरेच्या साखळ्या लागतात का? ई. कोलाय हा जिवाणू त्या जोडत नाही. पांढऱ्या रक्तपेशी वाढवणाऱ्या फिलग्रास्टिमचं त्यावाचून अडत नाही, म्हणून ते ई. कोलायमध्ये बनतं. लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या साखळ्यांच्या टोकाला सियालिक ॲसिड ही साखर नसेल, तर यकृत ते रक्तातून झपाट्याने काढून टाकतं. तिथे सीएचओ, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशीच हव्यात.

ई. कोलाय 20 ते 30 मिनिटांत दुप्पट होतो, खाद्यही स्वस्त. 1982 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं मानवी इन्सुलिन यातूनच आलं. पण हा वेगच नडतो. प्रथिनाच्या साखळीला तिचा कामाचा आकार येतो, म्हणजे घडी पडते; ती नीट पडायच्या आत प्रथिनाचे गठ्ठे होतात. ते 8 मोलर युरियात विरघळवायचे, प्रथिनातले चुकीचे जुळलेले डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध तोडायचे आणि मग भरपूर बफरमध्ये हळूहळू सोडून पुन्हा घडी पाडायची. घाई केली, द्रावण दाट ठेवलं, की रेणू एकमेकांना चिकटून साका बसतो. लिटरमागे 0.1 ग्रॅम धरलं, तर 100 ग्रॅम प्रथिनाला 1000 लिटरची टाकी लागते. फर्मेंटरमध्ये वाचवलेला पैसा इथे जातो, आणि हा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं ताप आणणारं विष, काढायचं काम वेगळंच.

पिकिया यीस्ट प्रथिन थेट बाहेरच्या द्रवात सोडतं. बंगळुरूच्या बायोकॉनचं इन्सुलिन त्यातलंच. आधी ग्लिसरॉलवर वाढवायचं, मग मिथेनॉल देऊन हव्या त्या प्रथिनाचं जनुक चालू करायचं. मिथेनॉल साचलं तर पेशी मरतात, शिवाय ऑक्सिजन आणि थंडावा दोन्ही जास्त लागतात. साखळ्या मात्र मॅनोज या साखरेने लादलेल्या असतात, माणसाच्या साखळ्यांसारख्या नसतात, त्यामुळे साधं पिकिया पूर्ण अँटिबॉडीसाठी (प्रतिपिंडासाठी) घेऊ नका.

सीएचओ दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस घेते. चांगला क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला भरपूर प्रथिन देणारा वंश, निवडण्यात महिने जातात, बॅच दोन आठवडे चालते. अँटिबॉडी मात्र लिटरला 3 ते 5 ग्रॅम मिळते, तीही घडी पडलेली. धास्ती विषाणूची. 2009 मध्ये जेन्झाइम या अमेरिकी औषध कंपनीच्या ऑलस्टन कारखान्यात बायोरिॲक्टरमध्ये व्हेसिव्हायरस शिरला, उत्पादन थांबलं आणि गोशे व फॅब्री या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांना औषधांचा तुटवडा पडला. म्हणून विषाणू मारण्यासाठी आम्लात ठेवणं आणि ते गाळून काढणारा 20 नॅनोमीटरचा फिल्टर, या दोन पायऱ्यांत काटकसर करू नये.

अँटिबॉडीच हवी असली तरी सीएचओ लगेच धरू नका. रॅनिबिझुमॅब हे डोळ्यांचं औषध म्हणजे अँटिबॉडीचा नुसता तुकडा आहे. साखळीवाला भागच त्यात नाही, म्हणून तो ई. कोलायमध्ये बनतो.