सुरक्षा क्लिनिक : औषधाआधी तपासणी करणारी खोली

मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांवर तपासणी व उपचार करणाऱ्या कक्षात, मी तीन वेळा जाऊन आलो. तो अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण असे संसर्ग अंगावर काढणारी माणसे आमच्या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांना या खोलीचा पत्ताच नसतो.

कामानिमित्त काही महिने परगावी राहत असताना माझ्याकडून असुरक्षित संबंध घडला. आठवडाभरातच लघवीला आग होऊ लागली आणि सकाळी कपड्यावर पिवळसर डाग दिसू लागला. आमच्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. घरी मीही तेच सांगितले आणि धन्याच्या पाण्यावर व सब्जावर चार दिवस काढले. त्यानंतर एका खासगी दवाखान्यात गेलो. तेथे अंग न तपासता एक इंजेक्शन आणि ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची गोळी मिळाली. स्राव तीन दिवसांत थांबला, परंतु लघवीच्या शेवटी होणारी बारीक आग आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी जाणवणारी वळवळ काही केल्या जाईना. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्या गोळ्या मिळाल्या, तिसऱ्यांदा तिसऱ्या. या सव्वा महिन्यात लघवीची किंवा स्रावाची एकही तपासणी झाली नाही आणि मी विवाहित आहे का, हेही कोणी विचारले नाही. एसटी स्टँडाच्या भिंतीवरील ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असा एक फलकही मी उतरवून घेतला होता. तेथे जाण्याआधी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क क्रमांकावर फोन केला, हे माझे नशीब. तिथे मराठीत बोलता आले आणि जिल्हा रुग्णालयातील ही सोय समजली.

केसपेपरच्या खिडकीवर चारचौघांत आजार सांगावा लागेल, ही माझी सर्वांत मोठी भीती होती. प्रत्यक्षात ‘कातडीच्या विभागात दाखवायचे आहे’ एवढे सांगणे पुरले आणि पैसेही लागले नाहीत. समुपदेशक मॅडमनी आधी दार लोटून घेतले आणि मग रजिस्टर उघडले. ‘दादा, इथे सांगितलेले बाहेर जात नाही,’ असे म्हणून त्यांनी जे प्रश्न विचारले, ते सव्वा महिन्यापूर्वीच कोणीतरी विचारायला हवे होते. गोळ्या पूर्ण घेतल्या का? औषधानंतर सात दिवस संबंध टाळला का? पत्नीला औषध मिळाले का? शेवटच्या दोन प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ होते.

डॉक्टरांनी पडद्यामागे तपासले. त्याआधी लघवी करून दोन तास झाले आहेत ना, याची खात्री करून घेतली, कारण नुकतीच लघवी केली असेल तर मूत्रमार्गातील स्राव धुऊन जातो आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर, म्हणजे स्लाइडवर, काही सापडत नाही. बारीक तारेवरच्या कापसाने नमुना घेतला. क्षणभर झोंबले, एवढेच. स्लाइडवर पांढऱ्या पेशी दिसल्या, म्हणजे दाह खरोखरच शिल्लक होता. यानंतर डॉक्टरांनी जे समजावले, त्यासाठी हे क्लिनिक मला मोलाचे वाटते. येथे लक्षणांनुसार रंगीत किट देतात. मूत्रमार्गातून स्राव असेल तर करड्या किटमधील ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम एकाच वेळी घ्यायचे असते. असे औषध घेऊनही आग राहिली, तर पहिला संशय जोडीदाराकडून पुन्हा झालेल्या संसर्गाचा घ्यावा लागतो. त्याखालोखाल ट्रायकोमोनास आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हे जंतू येतात; यांतील पहिल्यावर ॲझिथ्रोमायसिनचा उपयोग होत नाही आणि दुसरा त्याला पुष्कळदा दाद देत नाही. मला सात दिवस दिवसातून दोनदा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम आणि सोबत मेट्रोनिडॅझोलचा २ ग्रॅमचा एकच डोस दिला. दारू पूर्ण बंद ठेवण्यास बजावले. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी त्याच दिवशी रक्त घेतले. दोन्ही अहवाल निर्दोष आले, तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले.

पत्नीला घरी सर्व सांगणे हे माझे काम होते आणि ते मॅडमनी माझ्यावरच सोपवले. माझ्या परवानगीशिवाय तिला काहीही सांगणार नाही, हे मात्र त्यांनी स्पष्ट केले. ती रात्र आम्हा दोघांनाही फार जड गेली. दोन दिवसांनी ती माझ्यासोबत आली, तेव्हा मॅडमनी मला बाहेर बसवून आधी तिचे एकटीचे ऐकून घेतले. तिला काहीच त्रास नव्हता, तरीही तपासून औषध दिले, कारण स्त्रियांमध्ये हे संसर्ग अनेकदा लक्षणांशिवाय राहतात आणि पुढे गर्भाशय व बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचू शकतात. तिचा अपमान होईल असा एकही शब्द तेथे कोणी उच्चारला नाही. त्यासाठी मी या कर्मचाऱ्यांचा कायमचा ऋणी आहे.

पंधरा दिवसांनी तिसऱ्या भेटीला गेलो, तेव्हा आग थांबली होती, वळवळ मात्र अधूनमधून होती. मी आणखी एका कोर्सचा आग्रह धरला. डॉक्टरांनी पुन्हा स्लाइड केली, लघवी तपासली, आणि दोन्ही स्वच्छ निघाल्यावर गोळ्या देण्यास नकार दिला. जंतू गेल्यावरही सुजलेले अस्तर पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, ‘दिवसातून किती वेळा दाबून पाहता?’ मी दर लघवीनंतर स्राव येतो का ते दाबून पाहत होतो. या दाबण्यानेच मूत्रमार्ग चुरचुरत राहतो, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते. ती सवय सोडल्यावर महिनाभरात वळवळ गेली. रिकाम्या हाताने परत पाठवणारा डॉक्टर आपल्याकडे कमी लेखला जातो, परंतु माझ्यावर झालेल्या उपचारांतील तो नकार मला सर्वांत जबाबदारीचा वाटला.

उणिवाही सांगायला हव्यात. खोली बाह्यरुग्ण विभागाच्या अगदी टोकाला आहे, तिकडे नेणारी पाटी नाही, आणि पहिल्याच दिवशी मला तीन ठिकाणी विचारावे लागले, जे या आजाराच्या रुग्णाला फार अवघड जाते. समुपदेशक एकच असल्याने दुसऱ्या भेटीत दोन तास थांबावे लागले. मायकोप्लाझ्मासाठी लागणारी, जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी तेथे होत नाही. स्लाइडवर पुन्हा पेशी दिसल्या असत्या, तर मला मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जावे लागले असते. सकाळी लवकर पोहोचावे, आधी घेतलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत आणि निघताना लघवी करून निघू नये. माझी तीन महिन्यांनंतरची रक्ततपासणी पुढच्या सोमवारी आहे. या वेळी आम्ही दोघेही जाणार आहोत.