व्हीव्हीटीच्या नावाखाली ४१,३०० गेले, पुण्यातल्यांनो वाचा

आधीच सांगते, मला गाडीतलं काहीच कळत नाही असं नाही, ऑइल-कूलंट मी स्वतः बघते. पण चेक इंजिन लाइट लागलेला, आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) गाडी थरथरतेय आणि शुक्रवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अशा वेळी सिंहगड रोडला जे गॅरेज आधी दिसलं तिथे गाडी लावली. कोणीही लावली असती.

स्कॅनर लावला, पी००११ कोड आला. "ताई, व्हीव्हीटी पूर्ण गेलंय." व्हीव्हीटी म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते गरजेप्रमाणे पुढे-मागे करणारी यंत्रणा. डिपस्टिक काढून ऑइलसुद्धा बघितलं नाही! त्या कोडचा अर्थ एवढाच की इनटेक कॅमचं (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग हवं त्यापेक्षा पुढे राहतंय, आणि ते नुसत्या घाण ऑइलनेही होतं. कोड आला म्हणजे पार्ट गेला असं नसतं.

फेजर (कॅमचं टायमिंग फिरवणारा पार्ट) १८,५००, कंट्रोल व्हॉल्व्ह (फेजरला ऑइल सोडणारा) ६,८००, टायमिंग चेन किट ९,५००, मजुरी ६,५००. साध्या कागदावर हिशोब, जीएसटी बिल नाही. असं बिल घेऊच नका.

आता जे रोज आठवतं ते. गाडी घ्यायला गेले तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, बोल्टांवर जुनी धूळ, काळा चिकटा जसाच्या तसा. फेजर बदलायचा तर ते कव्हर काढावंच लागतं. मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं आणि तरी पैसे पाठवले, कारण पाच वाजता आईला तपासणीला न्यायचं होतं. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. जुना पार्ट हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

१९ दिवसांनी लाइट परत लागला. नाना पेठेत एका काकांनी एकच बोल्ट काढून कंट्रोल व्हॉल्व्ह बाहेर काढला, तोच जुना, जाळीत गाळ अडकलेला. मल्टिमीटरवर ७.२ ओहम, म्हणजे आतली कॉइल ठीक, बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर दिले तर प्लंजर (आतली सरकणारी दांडी) टक्कन हलला. साफ करून बसवला, इंजिन आयडलला ठेवून परत १२ व्होल्ट दिले तर गाडी धडधडून बंद पडायला आली, म्हणजे व्हॉल्व्हने ऑइल सोडलं आणि फेजरने टायमिंग हलवलं, व्हॉल्व्ह पण चांगला आणि फेजर पण चांगला. वीस मिनिटांचं काम. ऑइल, फिल्टर, मजुरी सगळं मिळून ३,१५०. ही टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा, नाही म्हणाला तर गाडी उचला.

चौकीत गेले तर "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." दुसऱ्या दिवशी परत गेले, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेले तर मलाच विचारतात, बिल का नाही घेतलं? न लावलेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? साधा अर्जसुद्धा घेतला नाही, दोन तास बाकावर बसवलं, आणि तो गॅरेजवाला मात्र आजही शटर उघडून बसलाय.

आता १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवलीय. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळे तिथेही जाणार. यूपीआयचा स्क्रीनशॉट, तो कागद आणि धुळीने भरलेल्या बोल्टांचे फोटो जोडतेय. त्या गॅरेजने कव्हर उघडलेलंच नाही असं काकांनी स्वतःच्या बिलावर लिहून दिलंय.