पिचच्या सरावासाठी 'ड्रॅगन्स डेन' बघावं की 'शार्क टँक'?

शिडीच्या पायाला लावायचा एक आधार मी बनवला आहे. जमीन उंचसखल असली किंवा शिडी जिन्याच्या पायऱ्यांवर उभी करायची असली, तरी ती डुगडुगू नये म्हणून. तो घेऊन मी पहिल्यांदा गुंतवणूकदारांसमोर पिच करायला, म्हणजे आपली वस्तू मांडून पैसे मागायला गेलो, तेव्हा माझं बोलणं छान झालं आणि पहिल्याच प्रश्नाला पाटी कोरी झाली. प्रश्न साधा होता: पाच हजारांऐवजी पाचशेच नग काढले, तर एक नग कितीला पडेल? उत्तर मला माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं. तोंडातून शब्द निघेना.

दुसरी बैठक दीड महिन्याने ठरली. मधल्या काळात मी रोज रात्री दोन टीव्ही कार्यक्रमांचे जुने भाग लावून सराव केला. दोन्हींत लोक आपली वस्तू गुंतवणूकदारांसमोर मांडून पैसे मागतात: ब्रिटनचा 'ड्रॅगन्स डेन' आणि अमेरिकेचा 'शार्क टँक'. तुम्हालाही आपली वस्तू घेऊन कुणासमोर उभं राहायचं असेल आणि दिवसाचा तासभरच हाताशी असेल, तर यातला कुठला निवडावा, याबद्दल मला काही सांगता येईल. करमणूक म्हणून कुठला सरस, हा प्रश्न वेगळा. त्यात मी पडत नाही.

दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या आहेत. जपानमध्ये २००१ साली 'पैशांचे वाघ' अशा अर्थाच्या नावाने हा खेळ सुरू झाला. २००५ च्या जानेवारीत बीबीसीने तो ब्रिटनमध्ये आणला, तेव्हा गुंतवणूकदार वाघांचे ड्रॅगन झाले. २००९ च्या ऑगस्टमध्ये एबीसी वाहिनीवर तो अमेरिकेत पोचला आणि ड्रॅगनचे शार्क झाले. नियमाचा गाभा दोन्हीकडे तोच: मागितलेली रक्कम पूर्ण मिळाली तर मिळाली, नाहीतर रिकाम्या हाताने परत. म्हणून फरक नियमांत शोधू नये. तो दाखवण्याच्या पद्धतीत आहे.

आधी 'शार्क टँक'. वस्तू दाखवायची कशी, हे मी तिथे शिकलो. २०१२ मध्ये ॲरन क्राउस यांनी तिथे 'स्क्रब डॅडी' हा हसऱ्या चेहऱ्याचा स्पंज आणला. गार पाण्यात तो कडक राहतो, कोमट पाण्यात मऊ होतो. सगळी करामत एवढीच, पण ती समोर घडताना दिसते. त्यांनी एक लाख डॉलरला दहा टक्के हिस्सा देऊ केला होता. शेवटी शार्क लोरी ग्रायनर यांनी दोन लाख डॉलर देऊन वीस टक्के घेतला. म्हणजे कंपनीचं मूल्यांकन, पूर्ण कंपनीची धरलेली किंमत, होतं तिथेच राहिलं आणि हातात येणारी रक्कम दुप्पट झाली. माझ्या पहिल्या बैठकीत मी सात मिनिटं बोलल्यावर शिडी उघडली होती. तो भाग पाहिल्यावर क्रम उलटा केला. आधी शिडी, मग शब्द.

ऑफरच्या अटी समजून घ्यायलाही 'शार्क टँक' चांगला. २०१३ मध्ये जेमी सिमिनॉफ दारावर लावायची कॅमेऱ्याची घंटी घेऊन आले. तेव्हा तिचं नाव 'डोअरबॉट' होतं. मागणी सात लाख डॉलरला दहा टक्क्यांची. शार्क केव्हिन ओलिअरी यांनी त्यांच्यापुढे कर्ज, ते फिटेपर्यंत विक्रीतला वाटा, त्यानंतर रॉयल्टी आणि शिवाय थोडा हिस्सा अशी गाठोडंभर ऑफर ठेवली. सिमिनॉफ यांनी ती नाकारली. पुढे तीच कंपनी 'रिंग' झाली, २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी सिमिनॉफ पाहुणे शार्क म्हणून त्याच खुर्च्यांमध्ये येऊन बसले. हा किस्सा सहसा गुंतवणूकदारांच्या चुकीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यातलं ऑफरचं गणित जास्त उपयोगी पडलं. रॉयल्टी म्हणजे नफा होवो न होवो, विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे पैसे बाहेर जाणार. ज्याचे साच्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत, त्याने हे आकडे एकदा तरी आपल्या वस्तूला लावून बघावेत. मी लावले आणि रॉयल्टीची अट आली तर कुठपर्यंत 'हो' म्हणायचं, ते त्या रात्रीच ठरवून टाकलं.

इतकं असूनही तिसऱ्या आठवड्यात मी 'शार्क टँक' बाजूला ठेवला. कारण एकच, आणि कुणाला ते क्षुल्लकही वाटेल.

माझी सरावाची पद्धत अशी होती. गुंतवणूकदाराचा प्रश्न संपला की चित्र थांबवायचं. तो प्रश्न मलाच विचारला आहे असं धरून मोठ्याने उत्तर द्यायचं. मग पुढे चालू करून समोरच्या माणसाने काय केलं ते पाहायचं. 'शार्क टँक'मध्ये माझं घोडं इथेच अडायचं. एकाचा प्रश्न पुरा होण्याआधी दुसरा बोलायला लागतो, तिसरा मध्येच ऑफर टाकतो, आणि आधी विचारलेलं अर्धवट राहून जातं. त्यातून प्रश्न नीट विचारला गेलाच, तर नेमक्या उत्तराच्या क्षणी संगीत चढतं, कॅमेरा एकेका शार्कच्या चेहऱ्यावरून फिरतो, कधी जाहिराती येतात आणि परतल्यावर तोच क्षण पुन्हा दाखवतात. या सगळ्यात त्या माणसाला बोलायला दोन सेकंद लागले की दहा, हे कळायला वाव नाही. मला तर तेवढंच बघायचं होतं! उत्तरं माझ्याकडे होती. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या जागेत मी बुडालो होतो, आणि संकलनाची कात्री नेमकी तिथेच चालली होती.

एका रात्री एकाच भागात मी अकरा वेळा चित्र थांबवलं. त्यातल्या तीनच प्रश्नांचं सरळ, सलग उत्तर ऐकायला मिळालं. दुसऱ्या दिवशी 'ड्रॅगन्स डेन'चा एक भाग घेतला, तेव्हा नऊपैकी सात. एवढ्याशा मोजणीवरून कुणी निष्कर्ष काढू नये, हे मान्य आहे. मी मात्र काढला.

कात्री 'ड्रॅगन्स डेन'मध्येही चालतेच. प्रत्यक्षात तासभर किंवा त्याहून जास्त चाललेलं बोलणं दहा-बारा मिनिटांत बसवायचं म्हणजे ती चालणारच. पण मी पाहिले त्या जुन्या भागांत तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली: माणूस अडखळला की कॅमेरा त्याच्यावरच थांबतो. ड्रॅगन पीटर जोन्स एक आकडा विचारतात आणि गप्प बसतात. त्या शांततेत माणूस कपाळावरचा घाम पुसतो, छताकडे बघतो, चुकीचा आकडा सांगतो, मग दुरुस्त करतो. डेबोरा मीडन यांचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच धाग्याचा असतो, त्यामुळे आधीच्या उत्तरात कुठे पाणी मुरत होतं ते लक्षात येतं. निवेदक एव्हन डेव्हिस मूळचे अर्थविषयक पत्रकार. त्यांच्या चार वाक्यांनी हिशेब स्वच्छ होतो, बोलण्याचा ओघ तुटत नाही.

स्वतः बनवलेली वस्तू घेऊन जाणाऱ्याने तर २००६ मधला 'ट्रंकी'चा भाग पाहावाच. रॉब लॉ यांनी मुलांना वर बसून फिरता येईल अशी चाकांची सूटकेस केली होती. एक लाख पौंडांना दहा टक्के अशी मागणी होती. थिओ पाफिटिस यांनी पट्टा ओढला आणि तो अडकवायचा हूकच तुटून हातात आला. यापुढचा काही मिनिटांचा भाग मी किमान पाच वेळा पाहिला असेन. तुटलेला तुकडा सगळ्यांना दिसतो आहे, बाकीची सूटकेस धडधाकट आहे, आणि आता एका स्वस्त सुट्या भागामुळे पूर्ण कल्पनेवर शंका घेतली जाते आहे. अशा वेळी आवाज कसा ठेवायचा, तुटलेल्या भागाबद्दल किती बोलायचं आणि मूळ वस्तूकडे केव्हा वळायचं? लॉ यांना तिथे ते पुरतं साधलं असं मी म्हणणार नाही. रिचर्ड फार्ली यांनी त्याच रकमेला निम्मा हिस्सा मागितला, लॉ यांनी तो दिला नाही आणि ते पैशांविना परतले. ट्रंकी पुढे जगभर खपली. हा भाग पाहिल्यावर मी माझ्या आधाराचा खटका मित्रांच्या हातात देऊन 'तोडून दाखवा' म्हणायला लागलो. चौथ्या मित्राने तोडला. तो भाग बदलून घ्यायला अजून वेळ होता, हे माझं नशीब.

ट्रंकीची गोष्ट तिथे संपत नाही. तशाच दिसणाऱ्या एका स्वस्त सूटकेसविरुद्ध कंपनी न्यायालयात गेली आणि २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरली. वाद नोंदणी केलेल्या डिझाइनचा होता. मुलांनी बसून फिरायच्या सूटकेसची कल्पना चांगली आहे हे न्यायालयानेही मान्य केलं, पण डिझाइनची नोंदणी रूपाला संरक्षण देते, कल्पनेला नाही. 'तुमच्याकडे संरक्षण नेमकं कशाचं आहे?' हा ड्रॅगनांचा नेहमीचा प्रश्न त्यानंतर मला निराळा ऐकू येऊ लागला.

याच प्रश्नात दोन देशांच्या कायद्यांचा फरकही डोकावतो. अमेरिकेत संशोधकाने स्वतः शोध जाहीर केल्यावर पेटंटचा अर्ज करायला एक वर्षाची सवलत असते. ब्रिटनमध्ये अशी सरसकट सवलत नाही. अर्जाआधी टीव्हीवर दाखवलं की पेटंटला लागणारं नावीन्य संपलं. माझी समजूत अशी, की डेनमध्ये पेटंटची चौकशी जरा जास्त कडक वाटते त्यामागे हेही असावं. आपल्याकडेही आधी अर्ज, मग प्रदर्शन हाच क्रम सुरक्षित. कोणत्याही कार्यक्रमात स्वतः उतरायचा विचार असेल, तर एवढी गोष्ट आधी उरकून घ्या.

आकड्यांच्या गोंधळाचा भाग हवा असेल तर २००७ मधले लेव्ही रूट्स बघा. गिटार वाजवत आले, सॉसच्या ऑर्डरचा आकडा लाखांत सांगितला, आणि कागद पाहिल्यावर ती ऑर्डर अडीच हजार किलोंची निघाली. तरीही पीटर जोन्स आणि रिचर्ड फार्ली यांनी मिळून पन्नास हजार पौंड दिले, ४० टक्के हिस्स्यावर. चूक उघडी पडल्यावर सारवासारव न करता माणूस उभा राहू शकतो, हे मला त्यात दिसलं. पहिल्या बैठकीनंतर मला ते दिसण्याची फार गरज होती.

'शार्क टँक इंडिया'चं काय, असं कुणीही विचारेल. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम तुम्ही पाहिलेलाच असणार, म्हणून थोडक्यात. भाषा आणि बाजार जवळचे, हा त्याचा मोठा फायदा. पहिल्याच पर्वातल्या 'जुगाडू कमलेश'च्या फवारणीच्या गाडीचा भाग तर कुणीही पाहावा. पियूष बन्सल यांनी दहा लाखांना ४० टक्के घेतले आणि वर वीस लाखांचं कर्ज दिलं. आपली वस्तू काय करते हे कमलेश इतक्या साधेपणाने सांगतो की ऐकणाऱ्याला शेत डोळ्यांपुढे दिसतं. पण सरावाच्या दृष्टीने माझी तक्रार इथेही तीच, किंबहुना जास्त. भावनेचा क्षण लांबतो, हिशेबाचा आखडतो.

तुमची गरज माझ्यापेक्षा वेगळी असू शकते. वस्तू आधीच विकली जात असेल, दोन-तीन गुंतवणूकदार एकाच वेळी मागे असतील आणि फक्त अटींची घासाघीस उरली असेल, तर 'शार्क टँक' बघा. रॉयल्टी, कर्ज, दोघांनी मिळून दिलेली ऑफर, 'आत्ताच सांगा' म्हणून आणलेला दबाव, हे सगळं तिथे भरपूर सापडतं. बोलणं सपक होत असेल तरीही त्याचे चार भाग पुरेसे आहेत. पण नमुना नुकताच तयार झाला असेल आणि प्रश्नांची भीती वाटत असेल, तर मी तुमच्या हातात डेनच देईन. एका रात्री एकच पिच बघा. प्रत्येक प्रश्नाला थांबा. उत्तर मनात नको, मोठ्याने. मनातल्या मनात आपण सगळेच हुशार असतो.

माझ्या दुसऱ्या बैठकीत शिडी पहिल्या मिनिटाला उघडली. तिघांपैकी एकजण स्वतः वर चढले आणि मुद्दाम अंग हलवून पाहिलं. खटका टिकला. नगाच्या किमतीचा प्रश्न या वेळी आलाच नाही. विचारलं ते वेगळंच. साचा कुणाच्या मालकीचा आहे? मी क्षणभर थांबलो. ती शांतता आता ओळखीची झाली होती. मग सांगितलं, साचा माझ्या नावावर आहे, पण दोन हप्ते अजून द्यायचे आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आठवड्याने होकार आला, मी मागितल्यापेक्षा कमी रकमेचा आणि दोन टप्प्यांत. टीव्हीवरच्या नियमाने मोजलं असतं, तर मी रिकाम्या हाताने परतलो असतो.